‘व्यवस्था चोख होती!’

गेल्या श्रावणातली गोष्ट. तारनाक्याला आम्ही राहतो त्या इमारतीच्या तळमजल्यावर एक छोटा हॉल आहे. एरवी तिथे बारशी होतात, सत्यनारायण होतात आणि देखभाल-खर्चावरून भांडणे होतात. त्या रविवारी संध्याकाळी मात्र तिथे साक्षात उत्तर ध्रुवप्रदेश अवतरला होता. इमारतीतले एक निवृत्त दांपत्य नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांची सफर करून परतले होते आणि तिथली छायाचित्रे पडद्यावर दाखवण्यासाठी त्यांनी आम्हा तीस-चाळीस शेजाऱ्यांना बोलावले होते. निम्मे तेलुगू, निम्मे मराठी, दोन-चार कानडी. बाहेर पाऊस, आत गरम मिरची भजी. कार्यक्रम रंगला होता, यात शंका नाही. निळे हिमनग, मध्यरात्रीचा सूर्य, खडकावर लोळत पडलेले वॉलरस आणि फार लांबवर साबुदाण्याएवढे दिसणारे एक पांढरे अस्वल. पोरे टाळ्या वाजवत होती.

मग एक छायाचित्र आले. रबरी होडीत आमचे हे दांपत्य केशरी जाकिटे घालून बसलेले. त्यांच्या मागे, होडीच्या टोकाशी, एक माणूस उभा. एक हात इंजिनाच्या दांड्यावर, पाठीला बंदूक. छायाचित्र काढणाऱ्याने चौकट अशी धरली होती की त्या माणसाचे डोके वरच्या बाजूला कापले गेले होते. खांद्यापर्यंतच माणूस.

मी विचारले, “हे मागे उभे आहेत ते कोण?”

“तो होय? तो गाईड.”

“नाव काय त्यांचं?”

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिले. वहिनी म्हणाल्या, “कायसं होतं बाई, अवघड होतं. पण काका, व्यवस्था मात्र अगदी चोख होती हो!”

आता माझे वय पंचाहत्तरीकडे झुकले आहे आणि जीभ वयाबरोबर मऊ होते हा समज खोटा आहे. मी म्हणालो, “आठ दिवस तुमचा जीव ज्याच्या हातात होता, त्याचं नाव ठाऊक नाही?” गृहस्थ स्वभावाने सौम्य आहेत, पण चारचौघांत बोललेले कुणाला आवडते? ते हसत म्हणाले, “काका, आपल्या वॉचमनचं पूर्ण नाव सांगा बरं.”

सारा हॉल हसला. मला उत्तर देता आले नाही. आठ वर्षे जो माणूस माझ्यासाठी रात्री फाटक उघडतो, त्याला मी ‘अरे’ म्हणून हाक मारत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन त्याचे नाव, आडनाव, गाव विचारून घेतले. इथे छापण्यासाठी नव्हे, हाक मारण्यासाठी. तेव्हा वाचकहो, पुढे मी जे काही कडक बोलणार आहे ते त्या हॉलमध्ये खाली मान घालून बसलेल्या माणसाने बोललेले आहे, हे ध्यानात असू द्या.

आधी त्या बिनडोक्याच्या छायाचित्रातला माणूस काय काम करतो ते पाहू. स्वालबार्ड ७८ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ हवे असा कायदा आहे आणि वाटाडे बंदूक घेऊनच निघतात. प्रवासी जहाजावर सकाळची कॉफी पीत असतात तेव्हा हे लोक होडीतून आधी किनाऱ्यावर उतरतात, टेकडीआड अस्वल बसले आहे का ते पाहतात आणि चार दिशांना उभे राहून मग प्रवाशांना बोलावतात. हिमनदीच्या कड्यापासून होडी किती लांब ठेवायची हे तेच ठरवतात, कारण वाड्याएवढा कडा कोसळला की लाट येते आणि लाट तिकीट विचारत नाही. धुके कधी उतरेल, वारा बर्फाचे तुकडे कुठल्या खाडीत लोटील, परतीची वाट कधी बंद होईल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असतो. २०२५ सालापासून तिथले नियम आणखी कडक झाले आहेत: अस्वलापासून निदान ३०० मीटर दूर राहायचे आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. हे अंतर प्रवासी मोजत नाही. प्रवासी कॅमेरा मोठा करतो. मोजतो तो वाटाड्या, आणि ‘जरा जवळ घ्या ना’ म्हणणाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याचा वाईटपणाही तोच घेतो.

जहाजाच्या पोटात आणखी एक गाव असते. इंजिनवाले, खलाशी, भांडी घासणारे, पाव भाजणारे, चादरी बदलणारे. जगातल्या प्रवासी जहाजांवर ही कामे करणाऱ्यांत गोव्याची आणि कोकणातली पोरे पिढ्यान् पिढ्या आहेत. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. त्याच्या पगारावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. पण मराठी प्रवासवर्णनांच्या कपाटात तारवट्याने लिहिलेले पुस्तक शोधायला गेलात तर धूळच हाताला लागेल.

२०१८ च्या जुलैमध्ये स्वालबार्डच्या उत्तर टोकाला काय घडले ते ऐका. एका जर्मन प्रवासी जहाजाचे अस्वल-पहारेकरी नेहमीप्रमाणे प्रवाशांच्या आधी किनाऱ्यावर उतरले. आडोशाला असलेल्या अस्वलाने त्यांतल्या एकावर झडप घातली. त्याचे डोके फोडले. इतरांनी आरडाओरडा केला, उपयोग होईना, तेव्हा अस्वलाला गोळी घातली. पहारेकरी वाचला, हेलिकॉप्टरने इस्पितळात गेला. आणि मग जगभर संताप उसळला. कशाबद्दल? अस्वलाबद्दल. मेलेल्या अस्वलाचे छायाचित्र घरोघरी पोचले. अस्वलाबद्दल हळहळणे गैर नव्हे. अस्वल आपल्या घरी होते, पाहुणे हे होते. तिथे जहाजे न्यावीत की नाही हा वादाचा प्रश्न आहे आणि तो जरूर व्हावा. पण ज्यांच्या हौसेसाठी तो पहारेकरी पुढे उतरला होता त्यांच्यावर न येता राग त्या फुटलेल्या डोक्यावर आला, हे कसले न्यायाचे ताजवे? दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, लाँगयिअरब्येन गावालगतच्या तंबूतळावर अस्वलाने एका माणसाला तंबूतच ठार केले. तो त्या तळाची देखभाल करणारा होता. इतरांना निवारा देणारा स्वतः कापडाच्या भिंतीआड झोपला होता.

हे आजचेच आहे असे नाही. या धंद्याची वंशावळच अशी आहे. अमेरिकेच्या ‘पोलॅरिस’ जहाजाची कथा घ्या. १५ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री ग्रीनलंडच्या पश्चिमेला बर्फाच्या दाबात सापडलेल्या या जहाजावरचे सामान घाईने बर्फावर उतरवले जात असता बर्फ फुटला आणि एकोणीस माणसे एका हिमखंडावर राहून जहाजापासून तुटली. त्या एकोणिसांत दोन एस्किमो, म्हणजे ज्यांना आज इन्यूट म्हणतात ती, कुटुंबे होती: हान्स हेंड्रिक, त्याची बायको आणि चार मुले, त्यांतले धाकटे जहाजावरच जन्मलेले, दोन-अडीच महिन्यांचे, आणि एबिअरबिंग, त्याची बायको टूकूलिटो व त्यांची एक मुलगी. ती एकोणीस माणसे साडेसहा महिने त्या विरघळत चाललेल्या बर्फावर वाहत राहिली. सुमारे १८०० मैल. ३० एप्रिल १८७३ रोजी एका जहाजाने त्यांना उचलले. एकोणीसच्या एकोणीस जिवंत! त्यांना कुणी जगवले? हान्स आणि एबिअरबिंग या दोन शिकाऱ्यांनी काळोखात सील मारून आणले, बर्फाची घरे बांधली, म्हणून ती माणसे जगली.

आणि टूकूलिटो? ती दुभाषी होती. लहान वयात इंग्लंडला नेली गेलेली, तिथे इंग्रजी शिकलेली. चार्ल्स हॉल या शोधकाची जीभ आणि कान तीच होती. गोऱ्यांना तिचे नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी तिला ‘हॅना’ करून टाकले आणि एबिअरबिंगला ‘जो’. ‘कायसं होतं बाई, अवघड होतं!’ आमच्या वहिनींचे वाक्य दीडशे वर्षांचे जुने आहे.

हान्सची गोष्ट मात्र जरा निराळी झाली. त्याने आपल्या आठवणी स्वतःच्या ग्रीनलंडी भाषेत लिहिल्या आणि १८७८ साली त्या इंग्रजीत छापून आल्या. वाटाड्याने वाट स्वतः सांगितली असे उदाहरण विरळा. ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत एका उजाड बेटाला त्याचे नाव आहे. हान्स बेट, सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपासचा नुसता खडक. त्या खडकावर हक्क कुणाचा यावरून डेन्मार्क आणि कॅनडा यांचे कित्येक वर्षे भांडण होते. एका देशाचे लोक जाऊन आपला झेंडा आणि दारूची बाटली ठेवत, दुसऱ्याचे येऊन ती उचलून आपली ठेवत. अखेर जून २०२२ मध्ये त्यांनी बेटावरून रेघ ओढली आणि ते वाटून घेतले. वाटाड्याच्या नावाच्या बेटावरून सीमारेषा! आपल्या भागातल्या वाचकाला याचा अर्थ निराळा समजावून सांगायची गरज नाही. रेघ ओढणारे दुसरेच असतात आणि रेघेवर नाव असते ते ज्याला कुणी विचारलेही नव्हते त्याचे.

१९०९ साली उत्तर ध्रुव जिंकल्याचा दावा रॉबर्ट पिअरीने केला. तो खरा की खोटा यावर आजही वाद आहे. पण तो जिथपर्यंत गेला तिथपर्यंत त्याच्यासोबत आणखी पाच जण गेले होते यावर वाद नाही: मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकन आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकेआ हे चार इन्यूट. हेन्सनला त्या लोकांची भाषा अस्खलित येत होती, कुत्र्यांच्या गाड्या तो बांधी आणि हाकी. परतल्यावर पिअरीला मानसन्मान मिळाले, हेन्सनला न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसात साधी नोकरी मिळाली. १९५५ मध्ये तो वारला आणि तेहेतीस वर्षांनी, १९८८ साली, त्याचे अवशेष आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पिअरीशेजारी नेऊन ठेवले. मेल्यावर शेजार मिळाला, हेही नसे थोडके.

आता कुणी म्हणेल, हे गोऱ्यांचे पाप. आमचा संबंध काय? म्हणून जरा आमच्या तारनाक्याकडे या. हा नाका म्हणजे काही ऐरागैरा नाका नव्हे. इथून उप्पलकडे निघालात की हबशीगुड्यापर्यंत प्रयोगशाळाच प्रयोगशाळा: रसायनशास्त्राची, पोषणाची, भूभौतिकीची, पेशी व रेणू जीवशास्त्राची. या रस्त्याचे आणि ध्रुवप्रदेशांचे नाते जुने आहे. १९८३-८४ च्या ज्या तिसऱ्या भारतीय मोहिमेने अंटार्क्टिकावर ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले स्थायी ठाणे उभारले, तिचे नेते डॉ. हर्ष गुप्ता पुढे १९९२ पासून याच रस्त्यावरच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे संचालक होते. त्याच मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. आपल्याला त्यांचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण ते ठाणे थंडीवाऱ्यात खिळ्याला खिळा जोडून उभे केले लष्कराच्या जवानांनी. त्यांतल्या एकाचे तरी नाव तुम्हाला-मला सांगता येईल का?

नावे द्यायला आपल्याला येत नाहीत असेही नाही. आमच्याच रस्त्यावरच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी हैदराबादेहून सोडलेल्या बलूनमधून वातावरणात फार उंचावर सापडलेल्या तीन नव्या जीवाणूंची माहिती २००९ साली जाहीर केली. एकाला आर्यभटाचे नाव दिले, एकाला इस्रोचे, एकाला फ्रेड हॉइलचे. जीवाणूला नाव मिळते. सिंहगडाच्या दंतकथेतल्या घोरपडीला नाव आहे, यशवंती, शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण १६६० च्या त्या पावसाळी रात्री पन्हाळ्याहून विशाळगडाकडे महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन चिखलातून धावलेले भोई कोण होते? पावनखिंड आपण जन्मभर ऐकली. बाजीप्रभू ठाऊक आहेत, शिवा काशीद ठाऊक आहे. खांदा देणाऱ्यांची नावे मात्र आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती. घोरपडीइतकाही मान माणसाला मिळू नये?

इथवर मी दुसऱ्यांबद्दल बोललो. आता माझ्या घरात या.

माझा धाकटा भाऊ लष्करात वाहनदुरुस्तीच्या कामावर होता. नव्वदच्या दशकात तो अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ ठाण्यावर एक हिवाळा काढून आला. मुरगाव बंदरातून जहाजाने गेला तो सव्वा वर्षाने परतला. तिथे त्याचे काम काय? वीज देणारी जनित्रे आणि बर्फावर चालणाऱ्या गाड्या जिवंत ठेवणे. दोन महिने सूर्य उगवत नाही अशा काळोखात जनित्र बंद पडले की दिवे जातात, ऊब जाते, पाणी गोठते. मग शास्त्र नाही की शास्त्रज्ञ नाही. उघड्या हाताने पाना धरला की कातडी लोखंडाला चिकटते, आणि जाड हातमोजा घातला तर बारीक नट फिरत नाही. म्हणून तो हातमोजा काढून दहा आकडे मोजी, नट फिरवी, पुन्हा घाली. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शेंड्यांना आजही गरम-थंड कळत नाही. चहाचा कप तो डाव्या हातात घेतो.

तो परतल्यावर इथल्या एका मंडळाने ध्रुवप्रदेशी जाऊन आलेल्यांचा सत्कार ठरवला. मंचावर एक शास्त्रज्ञ होते आणि माझा भाऊ होता. स्मरणिकेतला लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी कारकुनी करता करता चार अक्षरे बरी लिहितो अशी माझी ख्याती. मी लेख लिहिला. शास्त्रज्ञांचे नाव, पदव्या, शोधनिबंध, सारे नीट लिहिले. आणि शेवटी लिहिले, ‘व त्यांचे सहकारी’.

मंडळाने मला तसे सांगितले नव्हते, संपादकाने काटछाट केली नव्हती. माझ्याच हाताने मी ते लिहिले. शास्त्रज्ञांच्या पंगतीत पाने-पक्कड घेऊन काम करणारा भाऊ मांडायला मला संकोच वाटला. लोक म्हणतील, घरचा माणूस घुसडला. हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगितले. खरे कारण पहिलेच होते. कार्यक्रम संपल्यावर आईने ती स्मरणिका हातात घेतली. तिला वाचता येत नव्हते. म्हणाली, “धाकट्याचं नाव कुठं हाय? तिथं बोट ठेव.” मी ‘सहकारी’ या शब्दावर बोट ठेवले. तिने त्या शब्दावरून हात फिरवला आणि ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवले. भाऊ शेजारीच बसला होता. त्याला वाचता येत होते. तो काही बोलला नाही.

तेव्हापासून आपल्या भाषेतल्या काही वाक्यांशी माझे वैर आहे. ‘आम्हाला होडीतून नेण्यात आले.’ ‘तंबू उभारण्यात आले.’ ‘जेवणाची सोय उत्तम करण्यात आली होती.’ कोणी नेले? कोणी उभारले? कोणी केली? मराठीने आपल्याला कर्ता गिळून टाकायची सोय दिली आहे आणि आपण प्रवासवर्णनकार ती सोय पोटभर खातो. यात सर्वांत लबाड शब्द ‘व्यवस्था’. व्यवस्था चोख होती! अहो, व्यवस्था नावाचा माणूस नसतो. व्यवस्थेला थंडी वाजत नाही, तिची बोटे बधिर होत नाहीत, तिच्या घरी आई वाट पाहत नाही. काशीयात्रेला नेणाऱ्या आपल्या जुन्या कंपन्यांच्या बसमध्ये मागे आचारी असे. पहाटे तीनला उठून तो दीडशे माणसांचा शिरा करी. यात्रेहून परतलेल्या प्रत्येक आजीला त्या शिऱ्यातले बेदाणे आठवत, आचाऱ्याचे नाव आठवत नसे. तीच यात्रा आता उत्तर ध्रुवापर्यंत पोचली आहे. अंतर वाढले, सवय तीच.

यावर आक्षेप येतात. त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप: ‘पैसे मोजलेत की!’ मोजलेत ना. पैसे कामाचे मोजलेत. माणूस विसरण्याचे वेगळे पैसे भरले होते काय? शाळेची फी भरली म्हणून मास्तरांचे नाव आपण विसरतो का?

दुसरा आक्षेप: ‘श्रेय ज्याच्या बुद्धीचे त्याला. गाडी दुरुस्त करणाऱ्याने शोध लावला नाही.’ कबूल. शोधनिबंधावर त्याचे नाव घाला असे कुणीच म्हणत नाही. पण शोध निराळा आणि प्रवास निराळा. प्रवासाची गोष्ट सांगताना ‘आम्ही पोचलो’ असे लिहिता, त्या ‘आम्ही’त किती माणसे धरली आहेत एवढाच माझा प्रश्न आहे. दिंडीत विणेकऱ्याला त्याची जागा असते, टाळकऱ्याला असते, चोपदाराला असते. कीर्तन बुवांनीच करावे, पण दिंडी एकट्या बुवांची होती असे कोणी लिहीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा: ‘नाव घेऊन काय होते?’ सांगतो काय होते. स्वालबार्डवरच न्यू-ऑलेसुंड नावाची वस्ती आहे. तिथे २००८ पासून आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ हे संशोधन ठाणे आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या राष्ट्रीय संस्थेकडून चालतो. ही वस्ती आधी कोळशाच्या खाणीची होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये तिथे स्फोट होऊन २१ खाणकामगार मेले. जगाच्या टोकाला, बर्फाखाली. पण नॉर्वेने त्यांना ‘दुर्दैवी सहकारी’ म्हणून मिटवून टाकले नाही. चौकशी झाली, अहवाल आला आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्या प्रश्नावर देशाचे सरकार पडले. खाण बंद झाली. आज त्याच वस्तीत वीज, स्वयंपाकघर, बंदर, विमानपट्टी हे सारे त्याच जुन्या खाणकंपनीची माणसे सांभाळतात आणि आपल्या शास्त्रज्ञांचे ताट तिथेच वाढले जाते. नाव घेतल्याने हे होते: हिशेब मागता येतो. किती तास राबवले, विमा होता का, बंदूक धड होती का, थंडीचे कपडे पुरे होते का, हे प्रश्न माणसाबद्दल विचारता येतात. व्यवस्थेबद्दल फक्त ‘चोख’ म्हणता येते. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याची तक्रारही कुठेच नसते.

आणि हे सारे मी या अंकात का लिहितो? पुण्या-मुंबईच्या जाड अंकात का नाही? कारण सीमेवर राहणारा माणूस हा जन्माने वाटाड्या आहे. तारनाका या नावातच बघा, ‘नाका’ आहे. पूर्वी इथे तारेच्या कुंपणाचा नाका होता म्हणून हे नाव पडले असे लोक सांगतात. नाक्यावरचा माणूस दोन्हीकडचे जाणतो. देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद, निपाणी, बेळगाव, यांतल्या कुठल्या मराठी घरात दुभाषी नाही? गावाकडचा नातलग हैदराबादच्या दवाखान्यात आला की त्याचे दुखणे तेलुगूत डॉक्टरला आणि डॉक्टरचे उत्तर मराठीत नातलगाला कोण सांगते? आपण. कचेरीतल्या कानडी कागदाचा अर्थ म्हाताऱ्याला कोण लावून देतो? आपली शाळकरी पोरगी. माणूस बरा होऊन गावी गेला की सांगतो, ‘डॉक्टर देवमाणूस होता.’ मध्ये उभे राहून ज्याने दोन्हीकडची बोलणी खाल्ली, त्याचा उल्लेख नाही. कोर्टाच्या कागदावरही आपण ‘दुभाष्यामार्फत’ एवढेच असतो. टूकूलिटोचे दुःख जगात कुणाला कळायचे असेल तर ते आपल्यालाच कळेल. मग आपणच जेव्हा चार पैसे गाठीला बांधून प्रवासी होतो, तेव्हा मध्ये उभ्या असलेल्या माणसाला चौकटीबाहेर कापतो, हे कुठल्या तोंडाने?

म्हणून माझी मागणी मोठी नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एक नियम करावा. ज्या प्रवासवर्णनात वाट दाखवणाऱ्याचे, गाडी किंवा होडी चालवणाऱ्याचे आणि अन्न शिजवणाऱ्याचे नाव नाही, ते साभार परत करावे. नाव त्या माणसाला विचारून, त्याच्या परवानगीने, नीट उच्चारून लिहावे. अवघड असेल तर दोनदा विचारावे. आपल्या ‘ळ’ने जगाची जीभ वळते ना वळते, म्हणून आपण आपली आडनावे बदलली का? आणि मंडळांनी सत्कार करावेत तेव्हा ‘व सहकारी’ हे दोन शब्द छापखान्यात जाऊच देऊ नयेत. कागद महाग झाला असेल तर अध्यक्षांचे छायाचित्र लहान करावे.

हा लेख पूर्ण झाल्यावर मी भावाला फोन केला. तो आता देगलूरला असतो, ट्रॅक्टर दुरुस्त करतो. त्याला सारे वाचून दाखवले. स्मरणिकेचा परिच्छेद आला तेव्हा माझा आवाज जरा अडला. पलीकडून फक्त पान्याचा लोखंडी आवाज येत होता. शेवटी मी म्हणालो, “आता या लेखात तुझं नाव घालतो. पूर्ण नाव, हुद्दा, गाव, सगळं.”

तो म्हणाला, “नको, दादा. आता कशाला? तेव्हा घालायचं होतंस. तेव्हा आई होती.”

मी दोनदा आग्रह केला. त्याने ऐकले नाही. परवानगीशिवाय नाव छापू नये हा नियम मीच वर लिहून बसलो आहे. म्हणून हा लेख त्याच्या नावाशिवाय छापला जात आहे. यात संपादकांची चूक नाही.